एकेचाळीस नंबरची चकती

दादाचा फोन आला तेव्हा मी एका लूमच्या मोटरची कॉईल भरत होतो. शुक्रवार होता. भिवंडीत शुक्रवारी लूम बंद असतात, त्यामुळे आठवडाभर रडतखडत चालवलेल्या मोटरी त्या दिवशी माझ्या दुकानात येतात आणि शनिवारी सकाळच्या शिफ्टला परत हव्या असतात. फोन खांद्यात धरून मी वेढे मोजत होतो. दादा म्हणाला, “मिलिंद, नंदा गेली रे.” मी म्हणालो, “बरं.” त्याने फोन ठेवला. मी उरलेले बावीस वेढे पूर्ण केले, कॉईल दोऱ्याने बांधली, तारेचं टोक सोललं आणि मग हात धुतले. मोटर ज्याची होती तो समोर स्टुलावर बसून होता. त्याला म्हणालो, “वहिनी वारल्या. मोटर संध्याकाळी न्या.” तो स्टुलावरून उठला. मी शटर अर्धं ओढलं आणि चालत निघालो; दादाचं घर माझ्या दुकानापासून तीन गल्ल्यांवर, नारपोलीतच आहे.

नंदावहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. वय बावन्न. डोक्यातली नस फुटली असं डॉक्टर म्हणाले. दुपारी एकला तिने मातीची भांडी भाजायची भट्टी बंद केली, जेवली, ताट घासून पालथं घातलं, घराला लागूनच्या शेडच्या दारात स्टुलावर बसली आणि तिथेच कलंडली. दादा तिला रिक्षात घालून दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. संध्याकाळी तिला घरी आणलं तेव्हा पाहुण्यांपैकी कुणाचा तरी हात शेडमधल्या भट्टीला लागला आणि तो ओरडला, “अरे, ही चालू हाय, बंद करा कुणीतरी.” मी सांगितलं, बंदच आहे, आपली आपण निवते. उष्णतेचा काटा बघितला, तीनशे नव्वद डिग्रीवर होता. शनिवारी सकाळी तिला नेलं तेव्हा तो एकशे चाळीसवर आला होता. काटा शंभरच्या खाली उतरल्याशिवाय भट्टीचं झाकण उघडायचं नाही, नाहीतर भांडी तडकतात, हा तिचा नियम. तो शंभरच्या खाली आला, मग तीसवर आला, जलदान विधी झाला, पाहुणे गेले... तरी ते झाकण आम्ही कुणी उघडलं नाही.

लोक विचारतात, तू रडला नाहीस का. नाही रडलो. अजूनही नाही. आमच्या धंद्यात शॉक लागतो तेव्हा हात काही वेळ आपला राहत नाही. दिसतो, हलतो, पण चिमटा काढला तरी कळत नाही. मग मुंग्या येतात आणि खरं दुखायला तेव्हा लागतं. तेव्हा मी मुंग्यांची वाट बघत होतो, असं समजा. आळीतल्या बुद्धविहारातल्या मंडळींनी वहिनीवर काहीतरी लिहून द्या म्हणून आग्रह केला. मी मोटरी बांधणारा माणूस, लेख बांधायची सवय नाही. पण एक गोष्ट मी दोन वर्षं तिच्यापासून लपवली होती, ती कुठेतरी सांगणं भाग आहे. ती सांगायची तर आधी वहिनी काय काम करत होती ते सांगायला हवं.

आमच्या वडिलांचे चार लूम होते. ते गेल्यावर लूम भंगारात गेले, शेड राहिली आणि शेडमधलं थ्री-फेज कनेक्शन राहिलं. दादा मानकोलीच्या एका गोदामात सुपरवायझर झाला, वहिनी दापोड्याला पॅकिंगला जायला लागली. तिथे परदेशातून कप-बशांची खोकी यायची. फुटका माल बाजूला काढायचं काम हिच्याकडे. एकदा एक फुटका कप घरी घेऊन आली आणि मला म्हणाली, “भावजी, मधी माती हाय आणि वर काच हाय. ही काच कशी बसवली?” मी म्हणालो, मला काय माहीत, मी मोटर बसवतो. तिने तो तुकडा महिनाभर पदराच्या टोकाला बांधून फिरवला. ती पडघ्याकडच्या गावातली. एखादी गोष्ट डोक्यात घेतली की सोडायची नाही, ही तिची खोड. पुढे ठाण्याला जाऊन मातीकामाचा सहा महिन्यांचा वर्ग केला, पॅकिंगची ड्युटी सोडली आणि एक दिवस मला म्हणाली, मला विजेची भट्टी बांधून द्या.

मी बांधून दिली. जिथे वडिलांचा तिसरा लूम होता, जमिनीत अजून त्याचे बोल्ट आहेत, त्याच जागेवर पांढऱ्या विटांचा चौकोन केला, विटांना खाचा पाडल्या आणि हाताने पिळलेल्या जाड तारेच्या कॉईली त्यात बसवल्या. दिसायला मोठ्या टोस्टरसारखी होती आणि मी तिला टोस्टरच म्हणायचो. पहिल्यांदा लावली तेव्हा अख्ख्या गल्लीचं व्होल्टेज पडलं आणि शेजारचा लूमवाला भांडायला आला. तेव्हापासून वहिनी शुक्रवारीच भट्टी लावायची. शुक्रवारी लूम बंद, व्होल्टेज ताठ, आणि कुणाच्या कामात आपली आडकाठी नको, हे तिचं म्हणणं. पहाटे लावलेली भट्टी दुपारी एकला बाराशे वीस डिग्रीला पोचायची. गल्लीत त्या दिवशी लूमचा खडखडाट नसायचा, नुसती माझ्या कॉईलींची बारीक गुणगुण. ती ऐकून वहिनी सांगायची कुठली कॉईल थकलीय, आणि बहुतेक वेळा बरोबर निघायचं.

खरी गंमत होती ती ग्लेझची. ग्लेझ म्हणजे भांड्यावर बसतो तो काचेचा थर, ज्याने तिला आधी पछाडलं तो. सुरुवातीला तिने बाजारातून तयार पूड आणली, लाल, पिवळी, चकचकीत. स्वस्त, आणि कमी उष्णतेला वितळणारी, म्हणजे विजेचीही बचत. दुसऱ्या खेपेला मी बरोबर होतो. तिने दुकानदाराला विचारलं, “इसमें क्या है?” तो म्हणाला, “कलर है, मॅडम.” “कलर तो दिखता है. इसमें क्या क्या डाला है?” तो म्हणाला, “सब लोग लेके जाते हैं, आज तक किसीने नहीं पूछा.” हिने पुडी काउंटरवर ठेवली आणि चालू पडली. रस्त्यात मला म्हणाली, ज्याच्यात काय हाय ते सांगता येत न्हाय, ते खायच्या भांड्याला लावायचं न्हाय. मग तिच्या वर्गातल्या बाईंकडून कळलं की अशा लवकर वितळणाऱ्या पुडीत पुष्कळदा शिसं असतं. त्या दिवशी तिने आधीच्या पुडीत भाजलेले अकरा कप हातोडीने फोडले. मी म्हणालो, शोभेला तरी ठेवायचे. ती म्हणाली, शोभेचा कप कोण ना कोण पाण्याला लावतंच.

तिथून तिचा एक लांबलचक पेच सुरू झाला, तो शेवटपर्यंत पुरा सुटला नाही. कमी उष्णतेत भाजावं तर वीज वाचते, पण तिथे वितळणारं ग्लेझ काय घालून वितळतंय याची खात्री नाही. जास्त उष्णतेत भाजावं तर राख, फेल्स्पार नावाच्या दगडाची पूड आणि पांढरी माती एवढ्यावर काम भागतं, तिन्ही ठाऊक असलेल्या वस्तू, पण मीटर फिरतो. मी तिला चिडवायचो, “वहिनी, मोठी पर्यावरणवाली, आणि भट्टी खाते चार लूमची वीज.” ती रागवायची नाही, वहीत लिहायची. मग तिने दोनदा भाजायचं सोडून एकदाच भाजायला सुरुवात केली, सुकलेल्या कच्च्या भांड्यालाच ग्लेझ लावून. निम्मी भांडी फुटली. मग चौथा हिस्सा. मग क्वचित एखादं. ग्लेझचे हात धुतलेलं पाणी ती मोरीत कधी सोडायची नाही. बादलीत ठेवायची, गाळ खाली बसला की वरचं पाणी पुन्हा वापरायला आणि गाळ वाळवून ठेवायला. आमच्या मागच्या नाल्यातून कधी जांभळं पाणी जातं, कधी हिरवं. कुठल्या गल्लीत कुठला कपडा रंगवतायत ते नाल्याकडे बघून सांगता येतं. ती म्हणायची, त्यात आपला एक तांब्या कमी.

राख मात्र तिला गावातली भट्टीची किंवा हॉटेलची चालायची नाही. तिच्या माहेरापलीकडे डोंगरात एक पाडा आहे. तिथली जाईबाई रानभाजी विकायला पडघ्याच्या बाजारात यायची, तिची आणि वहिनीची लहानपणापासूनची ओळख. जाईबाईच्या चुलीत ऐनाचं लाकूड जळतं, दुसरं काही नाही. वहिनी पहिल्यांदा राख मागायला गेली तेव्हा मीच बाईक चालवत होतो. जाईबाईने तिच्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं. “सहरात राख न्हाय मिळं? भांडी घासाया एवढ्या लांब आलीस?” वहिनीने सांगितलं, भांडी घासायला नाही, भांड्यांना लावायला. जाईबाई हसून हसून खाली बसली. मग म्हणाली, ने, पण मला एक भांडं दे, मोठं, दोन मानसांचा चहा मावंल असं. तेव्हापासून ठरलंच, दर राखेच्या पोत्यामागे एक मोठा मग. जाईबाईच्या घरात आता असे सहा मग आहेत, एकात ती मिरच्यांचं बी ठेवते.

ती राख वहिनी लूमच्या ग्रे, म्हणजे न रंगवलेल्या कोऱ्या कापडातून चाळायची. तिच्या हातचं तपकिरी ग्लेझ ज्यांनी पाहिलं असेल त्यांना सांगतो, तो रंग म्हणजे वडिलांच्या लूमच्या बोल्टांवरचा गंज आहे, तिने खरवडून घेतलेला. पण तिचा जीव होता हिरव्यावर. थोडी तांब्याची भुकटी घातली की विजेच्या भट्टीत हिरवा येतो. आंब्याच्या जुन्या पानाचा असतो तसा दाट हिरवा तिला हवा होता. आणि हिरव्यातच धोका, कारण थर नीट जुळून आला नसेल तर आंबट पदार्थ त्यातलं तांबं ओढून घेतो. म्हणून तिची लिंबाची रीत होती. प्रत्येक भट्टीत भांड्यांबरोबर पुरीएवढी एक चकती भाजायची, वर भोक, पुढून ग्लेझ, आणि मागे कुंचल्याने लिहिलेलं असायचं त्यात काय काय आणि कुठलं ते. भट्टी उघडली की संध्याकाळी त्या चकतीवर लिंबाची फोड पालथी ठेवायची आणि सकाळी उचलायची. डाग पडला तर ती भांडी बाद. डाग नसला तरी ती गाजावाजा करायची नाही. “लिंबू वाईट असलं तर सांगतं, भावजी. चांगलं हाय असं न्हाय सांगत. त्याला लॅब लागते.” तपासलेल्या चकत्या भिंतीवरच्या फळीला खिळ्यांवर टांगलेल्या असायच्या, पुढची बाजू पुढे. फळीवरचा बल्ब मी लावलेला, आणि फळीच्या टोकाला सुताने बांधलेली पेन्सिल, ती तिची.

आता ती गोष्ट. आमच्या आळीतल्या विहारात बुद्धपौर्णिमेला खीर वाटतात, आणि दुसऱ्या दिवशी प्लास्टिकच्या वाट्या नाल्यात तरंगताना दिसतात. दोन वर्षांपूर्वी वहिनीने ठरवलं की निदान विहारात शिकायला येणाऱ्या पोरांना तरी आपण मातीच्या वाट्या द्यायच्या. पस्तीस वाट्या, एका भट्टीत मावतील एवढ्या, आणि हिरव्या. वाट्या घडवून झाल्या, सुकल्या, आणि राख संपली. मला म्हणाली, भावजी, पाड्यावर जाऊन एक पोतं आणाल का, माझं इथून हलणं होत न्हाय. मी हो म्हणालो. पण तो लग्नसराईचा हंगाम, लूम दोन्ही शिफ्ट चालू, माझ्याकडे मोटरींची रांग, आणि पाडा बाईकवर दीड तास, चढणीचा, वैशाखाच्या उन्हात. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी मी एका सायझिंगमध्ये ब्लोअरची मोटर बसवायला गेलो होतो. सायझिंग म्हणजे जिथे सुताला खळ देतात. तिथे मोठा बॉयलर असतो. बॉयलरसमोर राखेचा ढीग. मी विचारलं, लाकडाची आहे का. बॉयलरवाला म्हणाला, “लकड़ी की ही है भाई, जितनी चाहिए ले जा.” मी माझ्या डोळ्यांनी बघत होतो, शेजारी गोदामातली रंग दिलेली फळकुटं पडली होती, पॅकिंगच्या पट्ट्या होत्या, कपड्याच्या चिंध्या होत्या. मी मनात म्हटलं, राख म्हणजे राख. पोतं भरलं, संध्याकाळी शेडमध्ये नेऊन ठेवलं. वहिनीने विचारलं, जाईबाई बरी हाय का? मी म्हणालो, बरी आहे, तुम्हाला विचारत होती.

एवढंच. दोन वाक्यं. लोक याहून मोठं खोटं रोज बोलतात आणि पचवतात. मला ते पचलं नाही, पण ओकलोही नाही.

त्या शुक्रवारी भट्टी लागली आणि शनिवारी उघडली तेव्हा वाट्या इतक्या सुरेख हिरव्या आल्या होत्या की वहिनी एक एक वाटी दारात नेऊन उन्हात धरत होती. दादाला दाखवली, मला दाखवली, शेजारच्या लूमवाल्याला सुद्धा दाखवली. संध्याकाळी एकेचाळीस नंबरच्या चकतीवर लिंबू ठेवलं. रविवारी सकाळी मी गेलो तेव्हा ती शेडमध्ये बसली होती आणि चकती मांडीवर होती. मधोमध, फोड होती तिथे, पांढरट डाग. लिंबाच्या फोडीला हिरवट छटा आली होती. पौर्णिमेला चार दिवस उरले होते, पुन्हा पस्तीस वाट्या घडवून सुकवायला वेळ नव्हता. ती म्हणाली, पोरं या वर्षी पण प्लास्टिकमधीच खातील. वाट्या फोडायला तिने मला हातोडी दिली, तिला बघवत नव्हतं. मी फोडल्या. फोडताना मला सगळं माहीत होतं.

पुढचे कितीतरी महिने ती चूक शोधत राहिली. तिने पाणी बदललं, फेल्स्पारचा दुकानदार बदलला, वजनकाटा बदलला. कॉईल थकल्यामुळे एका बाजूला ऊब कमी पडली असेल असं तिला वाटलं, म्हणून मी कॉईली पुन्हा पिळून बसवल्या, ज्यांना काही झालं नव्हतं. राखेवर तिला संशय आला नाही, कारण राख जाईबाईची होती आणि आणणारा मी होतो. दरवेळी वाटायचं, आज सांगू. मग वाटायचं, आता इतक्या उशिरा काय सांगायचं. शेवटी तिने ठरवलं की आपला हातच हिरव्याला लागू नये. हिरवा सोडला. तेव्हापासून सगळं गंजाचं तपकिरी. पाड्यावर राखेला मी कधीही जायला तयार असायचो, आपणहून विचारून जायचो, आणि ती दादाला म्हणायची की भावजी आता फारच गुणाचे झालेत.

आमची शेवटची भेट ती गेली त्याच्या आदल्या दिवशी झाली. तिने भट्टी भरायला घेतली होती आणि मला एका कॉईलकडे बघायला बोलावलं होतं. शेल्फांवर वाट्या लावलेल्या होत्या. मी विचारलं, विहाराच्या का? ती म्हणाली, हां, पस्तीस. भाजण्याआधी कुठलंही ग्लेझ राखाडीच दिसतं, त्यामुळे रंग मला कळला नाही, आणि मी विचारला नाही. कॉईल ठीक होती. तिने चहा केला. चहा पिताना माझ्याकडे न बघता म्हणाली, “भावजी, काय बोलायचं हाय का तुम्हाला?” मी म्हणालो, “नाही. का?” “काय न्हाय. गप्प गप्प दिसता.” मी म्हणालो, उष्णतेचा काटा जुना झालाय, पुढच्या महिन्यात बदलू. ती म्हणाली, बदलू. माझा कप घेऊन विसळला, विसळलेलं पाणी नेहमीसारखं तुळशीला घातलं. त्याआधीही दिवाळीपासून तीन-चारदा तिने हेच विचारलं होतं, दरवेळी चहा पिताना, दरवेळी तिसरीकडे बघत. मला वाटायचं, बाईमाणसाची सवय.

पौर्णिमेला दोन आठवडे राहिले तेव्हा दादा दुकानात आला. म्हणाला, “वाट्या भट्टीत हायेत. तिनं कबूल केल्या होत्या. तू उघड, माझ्यानं व्हायचं न्हाय.” आम्ही दोघं शेडमध्ये गेलो. मी झाकण उचललं... हिरव्या. पस्तीसच्या पस्तीस, दाट, आंब्याच्या जुन्या पानाच्या. दादा म्हणाला, छान हायेत. मला पुढचं काही ऐकू आलं नाही, कारण मी एकच विचार करत होतो. दोन वर्षं हिरव्याला हात न लावणाऱ्या बाईने पौर्णिमेच्या तोंडावर, पोरांच्या वाट्यांना, हिरवा लावायचं धाडस कशाच्या जोरावर केलं? तिच्यासारखी बाई अंदाजाने काही करत नाही. तिला चूक सापडली असणार. सापडली असेल तर कुठे?

चकतीवर लिंबू मीच ठेवलं. सकाळी फोड उचलली, डाग नव्हता. एक वाटी मी ठाण्याच्या लॅबला देऊन आलो, कारण तिने दिली असती. अहवाल आठवड्यात आला, चांगला आला. नवी चकती टांगायला मी फळीशी गेलो. तिचा नंबर सदुसष्ट. टांगताना नजर सहज एकेचाळीसवर गेली. ती बाद झालेली चकती तिने फेकली नव्हती, हे मी दोन वर्षं बघत होतो. मधला पांढरा डाग बल्बखाली लांबूनही दिसायचा. शेडमध्ये आलो की मी त्या बाजूला पाठ करून बसायचो. ती चकती मी तेव्हा पहिल्यांदा खिळ्यावरून काढली आणि उलटी केली.

मागे भाजलेल्या तपकिरी अक्षरात लिहिलं होतं, ‘राख, ऐन, जाईबाई’. त्यावर पेन्सिलीची एक रेघ मारलेली होती. रेघेखाली तिच्या बारीक अक्षरात, पेन्सिलीनेच: ‘दिवाळीत जाईबाई भेटली. तिनं त्या साली राख दिली न्हाय. भावजींनी कुठून आणली ते त्यांनी सांगितल्यावर इथे लिहायचं.’ आणि खाली दोन बोटं जागा सोडलेली होती, कोरी.

मी तिथेच लूमच्या बोल्टांमध्ये बसलो. म्हणजे तिला दिवाळीपासून ठाऊक होतं. तिला जाईबाईकरवी मला गाठता आलं असतं, दादाला सांगता आलं असतं, मला तोंडावर विचारता आलं असतं आणि ते योग्यच झालं असतं. तिने तसं केलं नाही. चहा करत राहिली आणि जागा सोडून ठेवली. मला राग आला, खरं सांगतो, तिचाच आला. एवढी वाट बघायची नसते माणसाने माणसाची. आणि तो राग किती उलटा आहे तेही कळत होतं. पण डोळ्यांत काही आलं नाही. हातात चकती होती आणि हात मला माझा वाटत नव्हता.

पौर्णिमेला विहारात पोरांनी त्या वाट्यांत खीर खाल्ली. जाईबाई आली होती. तिने एक वाटी हातात घेऊन फिरवून बघितली आणि मला म्हणाली, “माजी राख हाय ना ही?” मी म्हणालो, “हो, तुमचीच.” ती म्हणाली, “मग बरी हाय.” वाट्या धुतलेलं पाणी मी बादलीत धरलं, ज्याची काही गरज नव्हती. दादा हसला, वहिनीच्या जाण्यानंतर पहिल्यांदा. मग आम्ही दोघं वाट्या टोपलीत भरून शेडमध्ये आलो. तिथे मी फळीवरची पेन्सिल धरली. सूत लांब होतं, चकतीपर्यंत पुरलं. कोऱ्या जागेत लिहिलं, ‘सायझिंगच्या बॉयलरची. रंगीत फळकुटं, पट्ट्या, चिंध्या. मला दिसत होतं. मिलिंद.’ अक्षर वाकडं आलं, दोन ठिकाणी गिरवावं लागलं. गिरवताना बोटांना मुंग्या आल्या.

चकती मी उलटी टांगली, लिहिलेली बाजू पुढे. दादाने चष्मा लावला, जवळ जाऊन वरपासून खालपर्यंत वाचलं, पुन्हा वाचलं. मी उभा होतो. तो काय म्हणेल याची मी कितीतरी वाक्यं मनात तयार ठेवली होती, त्यातलं एकही तो बोलला नाही. चष्मा काढून खिशात ठेवला, चकतीला बोटाने हलवून बघितलं आणि म्हणाला, “खिळा सैल हाय. नीट ठोक, न्हायतर पडंल.” मी कोपऱ्यातली हातोडी घेतली. तीच होती, वाट्या फोडायला तिने दिलेली. दादाने चकती दोन्ही हातांत धरून ठेवली आणि मी खिळा ठोकला.